क्लचवरचा पाय

समस्त ग्रामस्थ, वाहनमालक आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बाईमाणसाला गाडी शिकवणारे तज्ज्ञ यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या पिकअपचे इंजिन भर रस्त्यात अचानक का बंद पडत होते, याचा शोध लागलेला आहे. त्या कारणाचा माझ्या डाव्या पायाशी काडीचाही संबंध नाही. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करत आहे.

आम्ही अंथुर्ण्याचे. ऊस आहेच, पण शेडनेटात ढोबळी मिरची लावतो आणि क्रेट भरून बारामतीच्या मार्केटला नेतो. गाडी शिकून, लायसन काढून मी ते काम माझ्याकडे घेतलं. आख्ख्या संसारात मला इतकं आवडलेलं दुसरं काम नाही. काच खाली, पदर खोचलेला, आणि घरी पोचेपर्यंत मला कुणी काही मागत नाही. राणी असते मी त्या सीटवर.

तर या राणीचा रथ पिंपळीच्या अलीकडे मरायचा. धक्का नाही, आवाज नाही. टॉप गिअरात चाललेली गाडी हळूहळू दम सोडायची, अॅक्सिलेटर दाबला तरी उठायची नाही आणि गप्प व्हायची. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यावर गाणी आणि त्याहून मोठा हॉर्न. मी उतरून बॉनेट उघडायचे. तेवढ्यात मोटारसायकली थांबायच्या. आधी मला बघायचे, मग गाडी बघायचे, आणि इंजिनात डोकंसुद्धा न घालता निकाल द्यायचे : क्लच. पाय क्लचवर ठेवून चालवत असाल, ताई. क्लच एकदम सोडत असाल, वैनी. अहो, पळती गाडी क्लचनं कशी बंद पडेल, असं विचारलं की हसायचे.

आणि माझं नशीब असं फुटकं, की या सगळ्या वादात जरा वेळ गेला की त्यांतला एखादा सीटवर चढून चावी फिरवायचा आणि गाडी सुरू व्हायची! तो असा खाली उतरायचा, जणू त्यानं मेलेल्याला उठवलंय. मी आभार मानायचे. दात आवळून मानलेल्या आभारांनी माझी दाढ दुखायला लागली होती.

घरी सांगितलं, मी क्लचला पाय लावला नव्हता. दर वेळी तेच सांगितलं. आमच्या मालकांनी खात्री करायला गाडी स्वतः नेली. एकदाही बंद पडली नाही. गॅरेजात नेली. मिस्त्रीनं डिझेल फिल्टर काढून पाहिला, नळ्या पाहिल्या, चक्कर मारून आला. गाडी ठणठणीत. मग त्यानं विचारलं, एरवी चालवतं कोण? मालकांनी माझ्याकडे बोट केलं. मिस्त्रीनं पान्हा ठेवला आणि हात पुसले. त्या हात पुसण्याचा मला अजून राग आहे.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे थोरले दीर, घरातला शेवटचा शब्द. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. मी समोर भाकरी वाढत असले तरी आबा भावाला म्हणणार, तिला सांग, कालवण वाढ. लग्न झाल्यापासून मी या घरात हे असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत आलेय. तर गॅरेजातून परतलो त्या दिवशी आबा भिंतीकडे बघून मालकांना म्हणाले, "तिला सांग, म्होरच्या बाजारापासनं डायवर बघितलाय. चावी माझ्याकडं दे म्हणावं."

मालक माझ्याकडे वळले आणि मला ऐकू आलेलं सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. माझी गाडी गेली होती. मी ताट आपटलं नाही. इतकी चिडले होते, की आपटायचं सुचलं नाही.

शेवटची खेप माझी होती. त्या खेपेलाही पिंपळीजवळ गाडी मेली. जमलेल्यांतला एक म्हणाला, डिझेल संपलं असंल, वैनी. काटा फुल्ल दाखवत होता. आबांची शिस्तच ती, टाकी कायम गच्च, आणि घरच्या कॅनमधून स्वतः भरायची. पण माझा इतका संताप झाला, की म्हटलं, चल बाबा, टाकीच उघडून दाखवते तुला.

टाकीच्या झाकणावर आबांनी ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या होत्या. त्याचं असं झालं, की मागे एकदा डिझेलच्या नळीचा क्लिप ढिला होऊन गाडी खरंच हवा घेत होती. मिस्त्रीनं क्लिप आवळला, विषय संपला. पण आबांचं आयुष्य विहिरीवरच्या मोटरीत गेलेलं. मोटरीच्या पाइपानं जरा हवा घेतली की पाणी चढत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याला ट्यूब गुंडाळायची. तोच न्याय त्यांनी पिकअपला लावला आणि टाकीचं तोंडही बांधून टाकलं. फिल्टर बघायला टाकी कोण उघडतंय? मिस्त्रीलाही ते कधी दिसलं नाही.

मी पट्ट्या सोडल्या, झाकण फिरवलं. टाकीनं आतून 'सूंऽऽ' करून एवढा मोठा श्वास घेतला, की शेजारचा माणूस मागे सरकला. तो आवाज मी ओळखला. आमच्या ठिबकच्या मोठ्या पाइपावर एअर व्हॉल्व्ह आहे. मोटर बंद केली की तो अशीच हवा आत ओढतो. तो मातीनं बुजला तर पाइप चपटा होतो. इथंही डिझेल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा आत यायला झाकणात जी बारीक वाट असते, ती पट्ट्यांनी बुजली होती. टाकीचा गळा आवळलेला, इंजिन उपाशी. उभी राहिली की रबरातून थोडीथोडी हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालायची, मग चावी कुणीही फिरवो. आणि मालकांच्या हातात ती का मरत नव्हती? कारण आमचे मालक लासुर्ण्यात चहा घेतात, भवानीनगरला पान खातात, मध्ये ओळखीचा दिसला की ब्रेक मारतात. मी सरळ जात होते. सरळ जाण्याची शिक्षा मला झाली होती!

खरं तर त्या पट्ट्या उसात भिरकावून द्यायला हव्या होत्या. मी त्या नीट घडी करून घरी आणल्या आणि झाकणाला होत्या तशाच, आबांच्या पद्धतीनं, करकचून बांधल्या. मग डोक्यावरून पदर घेतला आणि मालकांना अत्यंत नम्रपणे म्हटलं, आबांना म्हणावं, ड्रायव्हर येण्याआधी एकदा तुम्हीच चालवून दाखवा, म्हणजे माझं कुठं चुकतं ते मला कळंल. आबा भिंतीकडे बघून प्रसन्न झाले.

दुसऱ्या दिवशी क्रेट भरले. आबा स्टेअरिंगवर, मालक मध्ये, मी खिडकीशी. आबांनी सगळा रस्ता मालकांना शिकवलं : तिला सांग, पाय असा ठेवायचा. तिला सांग, क्लच ही काय पायरी न्हाय उभं ऱ्हायला. लासुर्णं आलं, मालकांची मान चहाकडे वळली. मी म्हटलं, आबांची लय बिघडवू नका. भवानीनगरला त्यांनी पानाचं नाव काढलं, मी त्यांना कोपरानं असं ढोसलं, की पानाची टपरी मागेच राहिली.

पिंपळीच्या अलीकडे गाडीनं दम सोडला. आबांनी अॅक्सिलेटर तळाला नेला. गाडी गप्प झाली. मागून उसाचा ट्रॅक्टर कोकलायला लागला. दोन मोटारसायकली थांबल्या, त्यांतला एक आत डोकावला आणि म्हणाला, "आबा, पाय क्लचवर ऱ्हायला असंल."

आबांचा चेहरा लालबुंद झाला. ते आधी त्याच्याकडे वळले, मग मालकांकडे, आणि मग मालकांच्या डोक्यावरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"अगं, तू तरी सांग की ह्यास्नी, म्या क्लचला पाय लावलाच न्हाय!"