कुत्र्याच्या हिरडीला मिश्री

माझ्या वडिलांनी कुत्र्याच्या हिरड्यांना मिश्री लावली. मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये मी हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मला तेव्हा हसू आलं नाही आणि अजूनही येत नाही.

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्याच्या अलीकडे आमच्या गावी येऊन राहिले. घरात ते, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि एक कारवान कुत्रा. कारवान ही आमच्या भागातली शिकारी जात, उंच पायांची, लांबुळक्या तोंडाची. शिकार कसली, आबांबरोबर चहात बुडवलेली बिस्किटं खाण्यात त्याचा जन्म गेला. दुपारी दूधभात आणि लाडात आले की गुळाचा खडा. चावण्यासारखं काही दाताला लागायला नको, कारण आबांच्या मते फौजी माणसाचं कुत्रं उकिरड्यावरच्यासारखं हाडूक चघळत बसत नाही. हा नियम कुठल्या पलटणीतला होता, देव जाणे.

मी सुट्टीच्या दिवशी मिरजेहून रेल्वेने यायचे. एकदा कुत्रा लाडाने जवळ आला आणि त्याच्या तोंडाच्या वासाने मी मागे सरकले. ओठ वर करून पाहिलं. दाढांवर तपकिरी किटण दगडासारखं चढलेलं, हिरडी सुजून लालभडक, बोट लावताच रक्त.

मला दुसरं काही कळत नसेल, पण जंतू कळतात. लॅबमध्ये दिवसभर तेच बघते. म्हणून आबांना समोर बसवून सांगितलं. खाल्लेलं दाताला चिकटतं, त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तो रोज पुसला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. मग जंतू हिरडीच्या खाली शिरतात. वर दिसतं ते नुसतं किटण, खरा उद्योग आत चालतो. हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, दात हलायला लागतो, आणि तेच जंतू रक्तातून काळजापर्यंतही जाऊ शकतात. त्याला डॉक्टरकडे नेऊन दात साफ करून घ्या, नाहीतर हातचा जाईल.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जे डोळ्याला दिसत न्हाई त्याला भ्यायला लागलो असतो, तर फौजेत दिवस काढलं असतं व्हय?"

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "आगं, कुत्र्याच्या लाळंतच औषिद असतंय. जखम चाटून बरी करतंय ते. त्याच्या तोंडात कसलं आल्यात जंतू?"

दोघांपुढे बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मीच कुत्र्याला घेऊन जाते म्हटलं, तर आबांनी साखळी सोडली नाही. पारावर जमणाऱ्या त्यांच्या निवृत्त दोस्तांनी मात्र इलाजांची रांग लावली. एकाने हळद सांगितली, एकाने लवंगेचं तेल, आणि एका महाभागाने रम. डॉक्टर एकालाही सुचला नाही.

पुढच्या खेपेला गेले तर मिश्री सुरू झालेली. आत्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजते, कुटून डबीत भरते, आणि सकाळ-संध्याकाळ दोघं भावंडं ती बोटाने हिरड्यांना घाशीत बसतात. दात दुखला, मिश्री. पोट साफ झालं नाही, मिश्री. आत्याच्या तोंडात दोनच दात उरलेत, पण त्या दोन दातांच्या जिवावर ती मिश्रीचे गोडवे गात असते.

"बघ तुझं जंतू," म्हणत आबांनी कुत्र्याचा जबडा धरून ओठ वर केला. "मिश्रीनं पार मारून टाकलं. रगत थांबलं का न्हाई?"

रक्त खरंच थांबलं होतं. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. रक्त दिसेनासं होतं, माणूस खूश होतो, आणि आत जंतूंचं निवांत चालू राहतं. "आबा, तंबाखू म्हणजे कुत्र्याला विष आहे," मी म्हटलं.

"चिमटीभर मिश्रीनं काय हुतंय? आगं, बसतोय कसा बघ. हू न्हाई का चू न्हाई. ह्याला म्हणायची शिस्त!"

कुत्रा बसला होता खरा. त्याचे मागचे पाय थरथरत होते आणि तोंडातून काळपट लाळ गळत होती. मी ती डबी मोरीत रिकामी केली. आत्याने माझा उद्धार केला आणि मी गेल्यावर नवी मिश्री भाजली. दोन जाणती माणसं इतकी आडमुठी असू शकतात याची मला लाज वाटत होती, आणि कुत्रा आपल्या हातून जाणार याची भीतीही.

मग एका सकाळी आबांचा फोन आला. "कुत्रं खाईना गं. पाण्याला बी तोंड लावंना. वकतंय नुसतं." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच हुकूम नव्हता.

मी सांगितलं तसे ते गाडी करून त्याला माझ्याजवळ, सांगलीच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आधी तंबाखूचं विष उतरावं म्हणून सलाईन लावलं. तो जरा सावरल्यावर म्हणाल्या, "बरेच दात काढावे लागतील, त्यासाठी भूल द्यावी लागेल. वय झालंय, काळजाचा ठोकाही नीट नाही. उठेलच असं सांगत नाही. पण असंच ठेवलं तर नक्की जाईल." आबांनी होकाराची मान हलवली आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

कुत्रा वाचला. काढलेले दात बाईंनी दाखवले, मुळांना पू लागलेला होता.

"एवढं दुकत हुतं तर वराडला का न्हाई त्यो?" आबांनी विचारलं. "एकदा बी मला चावला न्हाई."

बाई हात धूत होत्या. "आजोबा, मी नुसता ओठ उचलला तर माझ्यावर धावून आला तो. दुसऱ्या कुणी मिश्री लावली असती तर बोट तोडलं असतं. तुम्ही लावत होता, म्हणून सोसलं त्याने."

आबांना टाकून बोलायला मी कितीतरी वाक्यं घोकून ठेवली होती. आता त्यांची कीव आली असं नाही, रागच आला होता, पण बाईंनी म्हटलं त्याच्यापेक्षा वाईट बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

कुत्रा भुलीतून जागा होत होता. डोळे उघडत नव्हते, तरी वास काढत त्याने मान सरकवली आणि सुजलेलं तोंड आबांच्या तळहातावर टेकवलं. आबांनी हात चटकन मागे घेतला आणि मिश्रीचं ते बोट पायजम्याला पुसत राहिले.