बुधवारची बोट

आई गेली त्या वर्षी फेब्रुवारीत, हाफ टर्मच्या म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, आम्ही कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर जाणार होतो. मी, नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी. आम्ही गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तिथल्या एका दिवसाची, बोटीच्या दिवसाची, आखणी मला अजून इतकी पाठ आहे की कधी कधी वाटतं आपण जाऊन आलो. मग स्वतःचाच राग येतो.

इंग्लंडात, रीडिंग गावी येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षांच्या मोठ्या सुट्ट्या भारतात गेल्या होत्या. अर्धी सुट्टी पुण्याला सासरी, अर्धी नागपूरला माहेरी, आणि मधल्या वेळात लग्नांच्या हॉलमध्ये ‘ओळखलंस का मला?’ या प्रश्नाला तोंड देणं. ऑफिसमधली माणसं कुठल्या कुठल्या बेटांवर जाऊन तांबडीलाल होऊन परत यायची. मी यायचे ती लोणच्याच्या बरण्या टॉवेलमध्ये गुंडाळून. त्या वर्षी मी नवऱ्याला म्हणाले, “एकदा तरी अशा ठिकाणी जाऊ, जिथे आपल्याला कोणीही जेवायला बोलावणार नाही.”

आणि मला समुद्रात उतरायचं होतं. माझ्या पत्रिकेत पाण्यापासून भय आहे. मी तान्ही असताना कुणा गुरुजींनी तसं सांगितलं आणि आईने ते कायमचं मनात धरलं. वडील लवकर गेले, त्यानंतर तर फारच. शाळेची सहल खिंडसीच्या तलावावर गेली तेव्हा बाईंच्या हातात माझ्यासाठी आईची चिठ्ठी होती. सगळा वर्ग पाण्यात पाय घालून खिदळत होता आणि मी काठावर सगळ्यांच्या चपलांची राखण करत बसले होते. पोहायला शिकण्याचं तर नावच काढायचं नाही. मला आईचा संताप यायचा, पण तिचा शब्द मोडायची हिंमत कधी झाली नाही. शेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं, आता बास.

नवरा कुठलीही गोष्ट एक्सेल शीटशिवाय करू शकत नाही. आमच्या लग्नात अक्षता किती लागतील याचीही त्याने शीट केली असती. त्याने तीन बोटी शोधल्या. एक मोठी, साठ माणसांची, वर दिवसभर ढॅणढॅण गाणी. दुसरीवर जेवणात शाकाहारी म्हणजे नुसता लेट्यूस. तिसरी छोटी, बारा माणसांची. कॅप्टन बोट चालवतो आणि त्याची बायको ईमेलची उत्तरं देते. मी त्या बाईला विचारलं, पोहता न येणाऱ्या माणसाला चालेल का? तिने लिहिलं, लाइफ जॅकेट देऊ, माझा भाऊ पाण्यात तुमचा हात धरून राहील, घाबरू नका. मी ते तीनदा वाचलं. पाण्याच्या बाबतीत ‘घाबरू नका’ मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग दिवस ठरवायचा होता. बंदरात मोठी क्रूझ जहाजं येतात त्या दिवशी प्रवाळाजवळ माणसांची जत्रा असते, म्हणून नवऱ्याने बंदराचं वेळापत्रक काढलं आणि बुधवार पक्का केला. सकाळी नऊला निघायचं. बेटाच्या पश्चिमेला, कारण तिकडे वारा कमी. पहिल्यांदा उथळ पाण्यात अर्धा तास, मग बोटीवर जेवण, मग दुसरी जागा, तिथे नशीब असेल तर कासव. पाण्याखाली बघायला माझ्या नंबरच्या काचा बसवलेला मास्क मागवला. तो घालून मी स्वयंपाकघरात भाजी ढवळली, तेव्हा मुलगी हसून हसून जमिनीवर बसली.

तिला मी एकच ताकीद दिली होती. “आजीला बोटीचं बोलायचं नाही.”

“मग कुठे चाललो सांगू?”

“कार्डिफला. माझ्या मैत्रिणीकडे.”

“बट दॅट्स अ लाय, आई.”

“खोटं नाही गं. आजीला काळजी नको म्हणून. प्रॉमिस कर.” तिने केलं. आमच्याकडे हे असंच चालतं. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फक्त बऱ्या बातम्या जातात. माझी नोकरी गेली होती तेव्हा ती मी आईला दुसरी मिळाल्यावर सांगितली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मला टाके सुकल्यावर कळलं. याला आम्ही जीव लावणं म्हणतो.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मी इथल्या लेझर सेंटरच्या तलावावर मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गाला जाऊ लागले. रविवारी सकाळी नऊला. आईचा व्हिडिओ कॉल साडेदहाला, तिकडे चार वाजता, तिच्या चहाच्या वेळी. पहिल्याच रविवारी माझे ओले केस तिने टिपले. “सर्दीची तू, एवढ्या थंडीत न्हायलीस?” मी थाप मारली. पुढच्या रविवारी कॅमेरा बंदच ठेवला आणि म्हटलं, “वायफाय नीट नाही गं, नुसतं बोलू.” दोन-तीन आठवडे असे गेल्यावर आई स्वतःच म्हणाली, “माझ्याही फोनचा कॅमेरा बिघडला बाप्पा. राहू दे, आवाज येऊन राहिला ना, झालं.”

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण तसंच वाटलं होतं.

त्या दिवसांत मी खरंच आनंदात होते. पाण्यात तोंड घालून श्वास सोडता येऊ लागला. डिसेंबरात एका रविवारी मी कडेला हात न लावता तलावाची रुंदी पार केली आणि शिकवणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईशी तासभर बोलले, कशावरही. ती कमी बोलत होती. मी विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, “नाही गं, तू बोल. तुझं ऐकायला बरं वाटते.” आणि मी बोलत राहिले.

जानेवारीत, ऑफिसमध्ये जेवणाचा डबा उघडत असताना नागपूरहून वहिनीचा फोन आला. “तुम्ही निघा,” एवढंच म्हणाली. मी मुंबईच्या विमानतळावर नागपूरच्या विमानाची वाट बघत होते तेव्हा आई गेली. भावाने माझ्यासाठी अंत्यसंस्कार संध्याकाळपर्यंत थांबवले होते. चादर बाजूला केली तर मला क्षणभर वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे. एवढीशी झाली होती. हाताला हात लावला तर नुसती काडी.

पोटात गाठ होती. ऑक्टोबरच्या शेवटी कळलं होतं. मी वहिनीवर ओरडले, लोकांसमोर ओरडले. तिने ते ऐकून घेतलं, आणि तेराव्यानंतर भांडी आवरताना सांगितलं, “आम्ही रोज म्हणत होतो हो, ताईंना कळवू या. पण आई ऐकतच नव्हत्या. म्हणायच्या, कधी नव्हे ती पोरगी इतकी मोकळी हसून राहिली फोनवर. चार दिवस मैत्रिणीकडे जाणार आहे म्हणते. येऊ दे जाऊन, मग सांगू.”

माझं हसणं ऐकून आई गप्प राहिली होती. ते हसू पोहण्याचं होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

मी परत आले तोवर नवऱ्याने सगळं रद्द केलं होतं. कॅप्टनच्या बायकोने लिहिलं होतं, तुमच्या आईसाठी आम्ही प्रार्थना केली, कधीही या. मुलगी मात्र बदलली होती. शाळेमुळे तिला मी नागपूरला नेलं नव्हतं. ती रडत नव्हती. जेवताना भात ताटात इकडून तिकडे करायची आणि मी जवळ गेले की खोलीत निघून जायची. वाईट वाटलं असेल, वय आहे, होईल ठीक, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो.

एका शनिवारी दुपारी नवरा काहीतरी समजुतीचं बोलला आणि माझा बांध फुटला. “तीन महिने!” मी म्हणाले. “तीन महिने सगळ्यांना माहीत होतं. एकाने, एकाही माणसाने मला सांगितलं नाही!”

मुलगी टेबलाशी बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. “आय न्यू,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिने खाली बघत, तुटक तुटक सांगितलं. डिसेंबरात एका शनिवारी, मी खरेदीला गेले असताना, तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजीला स्वतःच्या टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल केला होता. वहिनीने सवयीने उचलला. आजी पलंगावर होती. “आजीच्या नाकात ट्यूब होता, आणि ती येलो दिसत होती. मी म्हणाली, आईला बोलावते. तर आजी म्हणाली नाही. तिने असं केलं.” मुलीने स्वतःच्या गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली. “म्हणाली, माझ्या गळ्याची शप्पथ आहे तुला. आईला बोलायचं नाही.”

लहानपणी मी अशा दिवसाला दहा शप्पथा घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत मोडायचे. आईनेही ती सहज घातली असणार, पोराला गप्प करायला म्हणून.

“मग मला माहीत नव्हतं ते काय असतं,” मुलगी म्हणाली, “म्हणून मराठी शाळेतल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, शप्पथ मोडली तर ते माणूस मरतं.” आता ती माझ्याकडे सरळ बघत होती. “मी कोणालाच नाही सांगितलं, आई. बाबाला पण नाही. एकदा पण नाही. मग आजी का गेली?”

मी तिला जवळ ओढलं. सात-आठ आठवडे हे पोर आपल्या आजीला एकटंच जिवंत ठेवत होतं, शेजारच्या खोलीत, आणि मी मास्क घालून भाजी ढवळत होते. तोंडाशी आलेलं सगळं मला ओळखीचं होतं: तुझा काही संबंध नाही, काही फरक पडला नसता, विसरून जा. आईने असंच काहीतरी सांगितलं असतं.

“शप्पथेने कोणी मरत नाही आणि कोणी वाचतही नाही,” मी म्हणाले. “आजी आजाराने गेली.”

माझ्या खांद्यात तोंड खुपसून तिने विचारलं, “पण मी सांगितलं असतं, तर तू तिला भेटली असतीस?”

नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

“हो,” मी म्हणाले. “भेटले असते.”

मग ती रडली. खूप वेळ रडली, आणि मीही रडले. तिला गप्प बसायला आम्ही शिकवलं, तिची त्यात काही चूक नव्हती, हे मी तिला त्या दुपारी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते तिने मानलं की नाही, मला अजून माहीत नाही.