प-ट-क

फोन आला तेव्हा मी केजच्या बसस्थानकावर चहात खारी बुडवून एका कंडक्टरची नक्कल करत होतो. "अप्पा गेले. घास श्वासनळीत अडकला..." खारी विरघळून कपाच्या तळाला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नक्कल अर्ध्यावर सोडली. त्याला आता पाच आठवडे झाले.

विश्वंभरअप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी काढली, तेव्हा भोंग्यावरून चारावाटपाचा पुकारा त्यांच्याकडे आला. मालकाच्या नावापाठोपाठ ते जनावराचंही नाव घ्यायचे. "दगडूबा, तुमची चंद्री!" आणि चंद्री खरोखर मान वळवायची! पण एका सकाळी शब्द हेलकावे खात आले. एक अक्षर लांबलचक, पुढचं एकदम मोठ्यानं. चालही तिरपी. मला आयताच खुराक मिळाला. टमरेल तोंडाशी धरून मी अप्पांचा पुकारा झोकांडीसकट करून दाखवला. सगळी छावणी हसली. संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "अप्पा, गळ्यात लिंग अन् सकाळीच घेऊन येता व्हय?" दुसऱ्या दिवसापासून भोंगा दुसऱ्याच्या हातात. गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्या लिंगायत अप्पांनी जन्मात थेंब घेतला नव्हता.

पुढे ते चालता चालता पडले, तेव्हा मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प-ट-क, प-ट-क, भरभर म्हणा." अप्पांचा ठेका तिसऱ्याच खेपेला मोडला. बाईंनी समजावलं. स्नायू लुळे पडले की आवाज नाकातून येतो, ताठरले की बोलणं घोगरं, ओढल्यासारखं होतं. कुणाचे स्नायू ठणठणीत असतात, पण कोणता उच्चार आधी करायचा तेच मेंदूला जुळवता येत नाही, दर वेळी नवी चूक. "यांचा ठेका आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू झिजतोय. शब्द आत शाबूत आहेत. पण हे वाढत जाणार."

परतीच्या एसटीत अप्पांनी माझं मनगट धरलं. "मरायचं भ्याव न्हाई... लोक दारुडा म्हणून माती देतील, त्याचं लई भ्याव हाय. तू सांग त्यान्ला."

मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर दारुड्याचा शिक्का माझ्याच नकलेनं बसला, हेही कबूल करावं लागणार होतं. मी भ्यालो. आज-उद्या करत राहिलो.

माती देताना कुणी तरी कुजबुजलं, "शेवटी दारूनंच नेलं." तेव्हा मी खड्ड्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं, टमरेलासकट. आवाज इतका कापत होता, जीभ अशी अडखळत होती, की मागून एक जण म्हणाला, "ह्यो बी घेऊन आलाय काय?"

कुणी हसलं नाही.

अप्पा शेवटपर्यंत रोज सकाळी ओसरीवर बसून ती तीन अक्षरं घोकायचे. आता दाढीचा फेस लावून आरशासमोर मी म्हणतो. प-ट-क, प-ट-क, प-ट-क... एखादं अक्षर जरासं रेंगाळलं, की वस्तरा गालाजवळ तसाच थांबतो.