योहाचीचा चेहरा

जुन्या जपानातल्या एदो शहरी, एका नाटकमंडळीत योहाचीने अर्धं आयुष्य कापडी घोड्याच्या पोटात काढलं. पाठीवर भरजरी नायक, पुढच्या पायांत दुसरा कुणीतरी आणि मागच्या पायांत कमरेत वाकलेला योहाची. नायकाच्या घराण्याचं नाव घेऊन लोक आरोळ्या ठोकत, त्या याला कुबट कापडातून ऐकू येत. पुढे गुडघ्यांना नायकाचा भार पेलवेना आणि घोडाही गेला.

म्हणून चित्रकार तोकुसेनने बोलावलं, तेव्हा त्याने एकच अट घातली. तोकुसेन लाकडी ठशांनी छापायचं एक गमतीचं पुस्तक करत होता. पानापानावर एकेक माणूस, आणि त्याच्या बाह्या, पाठ, मांड्या यांच्या रेषा मिळून एक अक्षर व्हायचं. त्याला बराच वेळ वाकून राहील असा माणूस हवा होता.

"चेहरा माझाच काढायचा," योहाची म्हणाला.

"तुझाच रे. दुसरा कुणाचा आणू?"

योहाचीच्या बायकोने, ओतानेने, नवऱ्याचा चेहरा पुस्तकात येणार हे विहिरीवर पाणी भरताना सगळ्या चाळीला सांगून टाकलं.

शरद ऋतूभर योहाची वाकला, लवंडला, एका पायावर तोलला. चेहऱ्याच्या जागा कोऱ्याच राहत. "ते शेवटी," तोकुसेन म्हणे. मग एके सकाळी चित्रं दोरीवर वाळत घातलेली दिसली. प्रत्येकावर त्या नायकाचं लांब नाक आणि गाजलेली करडी नजर.

"जन्मभर माझ्या पाठीवर बसला," योहाची म्हणाला, "आता मानेवरही बसवलात?"

"प्रकाशकाचा हट्ट. त्याचं तोंड बघून बायका पुस्तक घेतात. तुझं बघून कोण घेणार?"

"माझी बायको घेईल."

"एक प्रत."

"मग शेवटच्या पानासाठी तुम्हीच वाका," म्हणून योहाची चपला चढवून निघाला.

तोकुसेन खरंच वाकून बघायला गेला आणि त्याची कंबर धरली. दोन दिवसांनी तो काठी टेकत चाळीत आला. "हे पान तुझं. चेहराही तुझा. प्रकाशकाचं मी बघतो."

योहाची पुन्हा चटईवर गुडघे टेकून बसला.

"डोकं खाली," तोकुसेन म्हणाला.

"खाली घातलं तर चेहरा दिसणार कुठे?"

"वर धरलंस तर अक्षर मोडतं. शेवटची रेघ तुझ्या मानेतून उतरते."

"दुसरं अक्षर घ्या."

"बाकीची सगळी कोरायला गेली. हे एकच उरलंय."

योहाचीने मान वरच धरली. तोकुसेनने चित्र काढलं आणि पुढे सरकवलं. बसकं नाक, थकलेले डोळे, हुबेहूब. पण खाली अक्षर नव्हतंच. नुसता एक म्हातारा गुडघे मोडून बसला होता.

"ठेवू असंच?"

योहाचीला तोकुसेनचा संताप आला, त्या अक्षराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतक्या वर्षांत त्याच्यामुळे घोडा एकदाही अडखळला नव्हता.

"फाडा ते," तो म्हणाला आणि त्याने कपाळ चटईला टेकवलं.

तोकुसेनने नवा कागद घेतला. कुंचला चालू लागला.

"कान तरी नीट काढा," चटईतूनच आवाज आला. "डावा जरा पुढे आलाय."