भालूचा सोमवार

रविवारची दुपार. भांडी घासून पालथी घातली आहेत आणि मी खाटेवर नुसती टेकले आहे. झोपायचं नाही, असं स्वतःला तीनदा बजावलंय. पण पापण्या जड होतात, खाली येतात, मी उचलते, त्या परत येतात. छातीवर ठेवलेला फोन सारखा थरथरतोय, मुठीत धरलेल्या पाखरासारखा.

"लिंबूशेठ निवृत्त होणार. बातमी पक्की," शौकतभाईंनी आमच्या शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर टाकलंय.

"काय सांगता? टीमनं नवं इंजिन त्याच्यासाठीच राखून ठेवलंय म्हणत होते," कुणीतरी उसळतं.

"इंजिन नवं असंल गा, पण कंबर जुनी झाली की त्याची."

लिंबूशेठ म्हणजे लिंडक्विस्ट. फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीतला एक लांबच्या देशाचा, पांढुरक्या भुवयांचा, नेहमी दुसरा-तिसरा येणारा ड्रायव्हर. ते नाव उद्यमनगरात कुणाच्या जिभेवर ठरेना, म्हणून माझ्या धाकट्या भावानं, भालूनं, त्याचं बारसं केलं. भालूचं सिलिंडर बोअरिंगचं वर्कशॉप होतं. आजूबाजूला फौंड्र्या, लेथ, वेल्डिंग. आमच्याकडं सुट्टी सोमवारी आणि शर्यत रविवारी संध्याकाळी, निम्मी माणसं पाळीवर असताना. म्हणून शर्यत रेकॉर्ड व्हायची आणि सोमवारी सकाळी आठला सगळे वर्कशॉपात जमून बघायचे. मी पोह्यांचं पातेलं घेऊन जायची ती पहिल्यांदा वैतागून, मग एकदा त्या गाड्यांच्या आवाजात मला आईच्या जात्याची घरघर ऐकू आली आणि मी तिथंच बसले, ती बसलेच.

नियम एकच. सोमवारपर्यंत निकाल फोडायचा नाही. फोडला, तर डोक्यावर टॉवेल घेऊन, भिंतीकडं तोंड करून अख्खी शर्यत बसायचं. शौकतभाई दोनदा बसलेत. भालू मात्र असा पक्का, की कधी चुकूनसुद्धा कुणाला विचारायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, दवाखान्यात त्यानं मला विचारलं. "अक्का, काय झालं गं?"

मला माहीत होतं काय झालं ते. बाहेरच्या बाकावर बसून फोनवर शर्यतीचे शेवटचे दोन लॅप, शेवटच्या दोन फेऱ्या, बघूनच मी आत आले होते. मी म्हटलं, "सोमवारी बघू की."

सोमवार उजाडायच्या आत तो गेला.

फोन थरथरतो. शौकतभाई लिहिताहेत. नाही, आता ते बोलताहेत. आणि आवाज त्यांचा नाही.

"निवृत्त? हॅत्! शौक्याला काय कळतंय त्यातलं!"

खाटेच्या पायथ्याशी भालू बसलाय. कामाचा निळा शर्ट, मांडीवर चिंधी, चिंधीनं एकेक बोट पुसतोय. आजारात उतरलेलं तोंड परत भरलंय.

"कधी आलास रे?"

"हितंच हाय की. तुझी पापणी पडायची वाट बघत हुतो. लई हट्टी पापणी तुझी."

"जेवलास?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

तो चिंधी थांबवून आठवतो. "जेवलेलं आठवतंय. चव आठवत न्हाई."

मी उठून बसायला बघते. त्याला काही करून घालावं, एक भाकरी तरी. पण तो माझ्या पायावर हात ठेवतो आणि मान पुढं काढून, नेहमीसारखा, बातम्यांना लागतो. पुढच्या सालापासून गाड्या हलक्या करणार आहेत. मागचा पंख बारका होणार. निळ्या टीमचा मोठा इंजिनिअर फुटला, दुसऱ्या टीमला जाऊन मिळाला, आता वर्षभर त्याला घरी बसवणार. "पगार देऊन घरात बसवत्यात, अक्का! आपल्याकडं असता, तर बायकोनं दळण आणायला पिटाळला असता."

मी हसते. मग हसू मध्येच अडतं. "तुला हे सगळं कोण सांगतं रे?"

"येत्यात की बातम्या. कोण कुठं गेला, कुणाचा करार मोडला, सगळं येतंय. निकाल तेवढा येत न्हाई."

"का?"

"निकाल सोमवारी न्हाई का कळत? आणि आमच्याकडं अजून रविवारच हाय."

गाडी जरा उशिरा सुटणार आहे म्हणावं, इतक्या सहज सांगतो.

"भालू, ऐक. त्या दिवशी..."

"फोडू नगंस!" दोन्ही हात कानांवर. "टॉवेल आणू का टॉवेल?"

मी खाटेवरून उतरते आणि पाय ओल्या फरशीवर पडतो. मंडई आहे. ओळीनं बायका बसल्यात, पुढ्यात जुड्या नाहीत, टायर रचलेत. काळे, गुळगुळीत, वर पाणी शिंपडून ताजे ठेवलेले. भालू पुढं, मी मागं, हातात रिकामी पिशवी.

"मऊ घ्यायचा का कडक, ताई?" एक बाई विचारते. "मऊ पळतोय चांगला, पण टिकत न्हाई बघा."

"कडक घे," भालू वळून म्हणतो. "लांबचं जायचंय."

मी टायर दाबून बघते, वांगं बघावं तसा. पिकलेला आहे. बोट आत जातं. मागून कुणीतरी शिट्टी मारतं आणि साऱ्या बायका एकदम उठतात, पदर खोचतात, जॅक लावतात, आणि शर्यतीत मध्येच गाडीची चाकं बदलतात तशा, डोळ्याचं पातं लवायच्या आत, माझ्या पायातल्या चपला बदलून मोकळ्या होतात.

"दोन पूर्णांक एक सेकंद!" भालू टाळी देतो. "चल!"

"भालू, थांब रे. माझं सांगायचं राहिलंय."

तो थांबत नाही. मंडईचं छप्पर बुटकं होत जातं, पांढरं होतं, फिनाईलचा वास येतो. दवाखान्याचा तो लांब पॅसेज. आता त्याच्या फरशीवर घासलेल्या टायरचे पट्टे आहेत. सलाईनचे स्टँड दोन्ही बाजूंना रेलिंगसारखे उभे. पांढऱ्या टोपीतली एक नर्स खिडकीतून वाकून पाटी दाखवते. पाटीवर खडूनं लिहिलंय, दोन. दोनच लॅप राहिलेत. लांबून घरघर येते. गाडी आहे का जातं, कळत नाही. आणि माझं तोंड आपोआप हलायला लागतं, आईचं हलायचं तसं, दाणे सोडताना.

*वळणावरी वळण, वाट साप झाली सई*
*बंधू माझा पुढं जाई, माझा डोळा मागं राही*

"झालं हिचं सुरू!" भालू कपाळावर हात मारतो. "अक्का, साडेतीनशेच्या वेगावर ओवी म्हणणारी तू जगात एकटीच."

"मग वेग कमी कर की. मला दम लागतोय."

"माझ्या हातात कुठं हाय?" तो म्हणतो, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक होतो.

पॅसेजच्या टोकाचं दार मी ढकलते. ते रंकाळा तळ्याच्या कट्ट्यावर उघडतं.

संध्याकाळ आहे. भेळेच्या गाड्या आहेत, पण माणूस एक नाही. सूर्य पाण्याला टेकलाय आणि बुडत नाही. भालू कट्ट्यावर बसलाय, पाय खाली सोडून. मी शेजारी बसते. तो खडा उचलून पाण्यात टाकतो. आवाज येतो; तरंग उठत नाहीत.

"किती वेळ असंच आहे रे हे?"

"असंच. बुडतोय वाटतंय, बुडत न्हाई."

मी त्याच्याकडं बघत नाही. बघितलं तर बोलता येणार नाही.

"तू कधी विचारायचा नाहीस. बावीस वर्षांत एकदासुद्धा नाही. त्या दिवशी विचारलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

तो आणखी एक खडा उचलतो, टाकत नाही.

"मला कळलं हुतं, अक्का, सोमवार काय गाठत न्हाई म्हणून. म्हणून इचारलं. पण तू म्हणालीस 'सोमवारी बघू', आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं तर वाटलं, हिला अजून आशा हाय. मग परत कसं इचारायचं?"

"नियम पाळायचा म्हणून नव्हतं रे ते. तुला लहानपणी ताप यायचा. आई गोष्ट सांगता सांगता अर्ध्यावर सोडायची. उरलेली उद्या, म्हणायची. आणि त्या ओढीनं तू उद्या उठून बसायचास. मला वाटलं, निकाल राखून ठेवला तर..."

"बरं केलंस," तो म्हणतो. मग जरा थांबून, "न्हाई. बरं न्हाई केलंस. जीव लागून राहिलाय."

"आता सांगू?"

"सांगितलंस की सोमवार झाला. सोमवार झाला की मला सुट्टी. मग मी असा यायचा न्हाई, बघ."

पाणी हलत नाही. मी गप्प बसले, तर तो उद्याही येईल. खाटेच्या पायथ्याशी बसेल, करार सांगेल, पंख सांगेल, हॅत् म्हणेल. मी तोंड उघडलं की कान झाकेल. रोज. गप्प बसणं मला जमतं. आठ महिने तेच केलंय.

मग माझं लक्ष त्याच्या पायाकडं जातं. टाच हलतेय. शर्यत सुरू होण्याआधी दिवे लागायचे, तेव्हा हलायची तशी, बारीक, सारखी, त्याच्या नकळत. आठ महिने ही टाच अशी हलतेय. कट्ट्याचा तेवढा दगड झिजून गुळगुळीत झालाय.

"मी शेवटचे दोनच लॅप बघितलेत," मी म्हणते.

तो कान झाकत नाही. माझं डावं मनगट धरतो.

"दोन तर दोन. सांग."

"पुढं चॅम्पियन. लिंबूशेठ मागं. इतका मागं." मी उजव्या हाताच्या बोटांनी दाखवते, चिमूटभर मिठाएवढं. "चॅम्पियनचे टायर संपलेले. गाडी नुसती वळवळत होती, शेपूट धरलेल्या पालीसारखी."

"आणि आपला?"

"आपला गप्प. नेहमी घाई करतो, तू शिव्या घालतोस बघ. त्या दिवशी घाई केली नाही. एक लॅप नुसता मागं मागं. शेवटच्या लॅपला, शेवटच्या वळणाला, चॅम्पियन बाहेर घसरला. हातभरच. आणि लिंबूशेठनं गवताला चाक लावून आतनं..."

त्याची पकड आवळते. मला दुखतं. मी सांगत नाही.

"आतनं काढली गाडी?"

"काढली."

"मग?"

"पहिला आला, भालू."

तो माझ्याकडं टक लावून बघतोय, लहानपणी मी लाडूचा डबा रिकामा आहे म्हणायची तेव्हा बघायचा तसा.

"खोटं. मी आजारी म्हणून सांगतीयास."

"आता कसला आजारी तू, मेल्या!"

तोंडातून निघून जातं आणि मीच दचकते. तो मात्र खो खो हसतो. हसता हसता परत अडतो. "शपथ?"

कुणाची घेऊ? त्याची घ्यायची सोय राहिलेली नाही. मी आठवत राहते, त्या बाकावर, त्या एवढ्याशा काचेत, आणखी काय दिसलं होतं. आणि आठवतं.

"शर्यत संपल्यावर पहिल्या तिघांनी आपापल्या पाटीसमोर गाडी लावायची असते ना? एक, दोन, तीन. हा आला आणि सवयीनं तीनच्या पाटीसमोर लावून मोकळा! टोपी काढून बसलाय आपला निवांत. मागनं तिसरा आलेला माणूस हॉर्न असता तर वाजवत बसला असता. शेवटी दोघं पोरं पळत आली आणि गाडी ढकलत, हाताला धरून आणावं तशी, एकच्या पाटीसमोर नेली. तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं."

भालूचं तोंड उघडं राहतं. मग हळूहळू, गालाच्या एका बाजूनं, हसू चढत जातं.

"हे तुला रचता यायचं न्हाई," तो म्हणतो. "हे लिंबूच करू जाणे."

"नाहीच येणार."

"तीनच्या पाटीसमोर!"

"तीनच्या."

"अकरा वरसं, अक्का. अकरा वरसं त्याच्या मागं..." मनगटावरचा हात आणखी घट्ट होतो, इतका की नाडी त्याची का माझी कळत नाही. समोर पाण्यात एक तरंग उठतो. त्याच्यामागं दुसरा. सूर्याची खालची कड विरघळते.

टाच थांबलीय.

"भालू," मी म्हणते, "थांब, पोहे तरी..."

पंखा फिरतोय. खिडकीतलं ऊन खाटेवरून भिंतीवर गेलंय. फोन खाली फरशीवर पडलाय आणि पडल्या जागी थरथरतोय. लिंबूशेठ थांबणार की नाही, यावर त्रेसष्ट मेसेज झालेत आणि अजून एकमत नाही. माझा उजवा हात उशीखाली आहे, मुंग्या येऊन बधिर झालेला. तो मी दुसऱ्या हातानं ओढून बाहेर काढायला जाते आणि थांबते.

डाव्या मनगटावर चार बोटांचे वळ आहेत. लाल, ताजे. आतल्या बाजूला अंगठा.

मी हात उजेडात धरते. तीन वळ सारखे आहेत. मधल्या बोटाचा आखूड, वरचं पेर नसल्यासारखा. भालूचं ते पेर सोळाव्या वर्षी लेथनं खाल्लं होतं.

मी हात कुणाला दाखवत नाही, पाण्याखाली धरत नाही. नुसती बसून बघत राहते. करंगळीचा वळ आधी विझतो, मग तिच्या शेजारचा, मग पहिल्या बोटाचा, मग अंगठा. आखूड तेवढा अजून आहे.