न विचारता कापलेले केस

पेणमधल्या एका संस्थेत मी काही वर्षं काम केलं. शाळाशाळांत जाऊन मुलांचं वजन-उंची घ्यायची, जंताच्या गोळ्या द्यायच्या, नखं कापायची, खरूज-उवांवर औषध लावायचं. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, एरवी मी एकटीच. मुलं मला ताई म्हणायची आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

गडब गावाच्या आतल्या बाजूला, हायवे सोडून बरंच चालल्यावर एक लहानशी शाळा लागायची. तिथे तिसरीत वाडीवरची एक मुलगी होती. कमरेपर्यंत केस आणि त्यात उवाच उवा. खाजवून खाजवून डोक्यात जखमा झालेल्या, दोन ठिकाणी पू धरलेला. माझ्या पिशवीत औषध होतं, फणीही होती. पण ते काम दोन-तीन आठवड्यांचं, आणि मला त्या दिवशी आणखी एक शाळा करायची होती.

"कापूनच टाकू या," मी गुरुजींना म्हटलं.

"आईला विचारलेलं बरं."

"ती कामावर असणार. आणि पोरीच्या भल्यासाठीच करतोय ना?"

गुरुजी फळ्याकडे वळले. मी तिला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं आणि कानाच्या वर केस कापले. ती रडली नाही. खिडकीतून मुलं बघत होती, कुणीतरी हसलं. जखमा पुसून मी मलम लावलं आणि खुशीतच पुढच्या शाळेला गेले.

आठवड्याने गेले तर ती शाळेत नव्हती. त्या दिवसानंतर ती आलीच नव्हती. मुलं तिला 'टकली' म्हणत होती. मी वाडीवर गेले. तिची आई दारात मोळी बांधत होती. मुलगी आत, डोक्याला फडकं गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"केस तूच कापलंस ना?" आईने विचारलं.

"हो. जखमा होत्या, म्हणून..."

"त्या मला दिसत नव्हत्या व्हय? रोज पाला वाटून लावत व्हते." तिने मोळीचा दोर आवळला. "तुला पोरगी हाय?"

"आहे."

"तिचं कापलं असतंस?"

त्याच पावसाळ्यात माझ्या मुलीला शाळेतून उवा आल्या होत्या. ओळीने तीन रविवार मी तिला पुढ्यात घेऊन बसले होते. तेल लावून, फणी फिरवून, गोष्टी सांगत. तिच्या वेण्यांना कात्री लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"केस येतील गो. पन पोर आता शालंत जायला नाय बगत, तिला काय सांगू?"

पुढचे तीन बुधवार मी औषध घेऊन गेले. मुलगी आईकडून लावून घ्यायची, माझ्या जवळ यायची नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं. तिसरी तिची तिथेच सुटली.

त्यानंतर मी मुलांच्या घरी विचारल्याशिवाय कुणाच्या केसाला हात लावला नाही. संस्थेतल्या नव्या मुलींनाही तेच शिकवलं. त्या मला समजूतदार म्हणायच्या, आणि मी त्यांना या मुलीबद्दल कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी रोह्याकडच्या एका आश्रमशाळेत वजनं घेत होते. रांगेत ती दिसली. तिला पुन्हा तिसरीतच बसवलं होतं. केस खांद्याला टेकलेले. नंबर आल्यावर ती काट्यावर चढेना. माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, "कात्री हाय?"

होती. मी ती बाहेर काढली आणि तिच्यासमोर तिथल्या बाईंच्या हातात दिली. बाई ती घेऊन आत गेल्या, तेव्हा कुठे ती काट्यावर उभी राहिली. केस मात्र दोन्ही मुठींत गच्च धरलेले.

वजन चांगलं भरलं. तसं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि पळत वर्गात गेली.