पोर्चखालचा तांदूळ

बेंगळुरूत घर बांधताना आधी जमिनीत पाण्याची टाकी बांधतात. तिला इथे सगळे संप म्हणतात. येलहंक्यात आम्ही घर बांधलं तेव्हा पोर्चखाली असा एक संप केला होता. पुढे नळ आला, मागच्या अंगणात मोठा संप झाला आणि पोर्चखालचा रिकामा पडून राहिला. लोखंडी झाकण, त्यावर गाडी उभी. कित्येक वर्षं तिकडे कोणी पाहिलंही नव्हतं.

मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. काय काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करायचा आणि त्याची सोय करून ठेवायची, हे माझं आयुष्यभराचं काम. निवृत्त झालो तरी ती सवय गेली नाही, आणि तिला गुंतवायला दुसरं काही उरलं नाही. परदेशातल्या साथीच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा मी दिवसदिवस इंटरनेटवर बसून जमिनीखाली धान्य लपवून ठेवणाऱ्या लोकांबद्दल वाचायचो. कशात ठेवायचं, किती ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे कोणाला सांगायचं नाही. ज्याला सांगाल तो वेळ आली की दारात येऊन उभा राहील, असा त्यांचा हिशेब होता. मला तो पटला. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा अगदी पटला होता.

माझ्या वयाच्या पुष्कळांनी लहानपणी दुष्काळ पाहिलाय, रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. त्यांच्यापैकी कोणी असं केलं असतं तर समजण्यासारखं होतं. आम्ही सांगलीत खाऊनपिऊन सुखी होतो. भुकेने झोप आली नाही अशी एकही रात्र मला आठवत नाही.

संप कोरडा करून आतून चुना मारला. तळाशी विटा मांडून त्यावर झाकणाचे निळे ड्रम ठेवले. तांदूळ, तूरडाळ, गूळ, मीठ, तेलाचे डबे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, तापाच्या गोळ्या. डाळीला एरंडेल लावलं, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. भर दुपारी, गल्लीत सामसूम असताना मी एकेक पिशवी खाली सोडायचो. बायको जाळीच्या दारातून बघत असायची.

"दोन माणसांना किती वर्षं पुरायचंय हे?" तिने एकदा विचारलं.

"कोणाला बोलू नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो.

ती दारातून आत वळली.

सामान मी जुन्या येलहंक्यातल्या एका मराठी किराणावाल्याकडून आणलं होतं. त्यांचे पणजोबा इकडे आले आणि इथलेच झाले. ते मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड मिसळून, आणि माझ्यासारख्या वयाने मोठ्या गिऱ्हाइकाला अण्णा म्हणतात. मी आठवड्यात तीन वेळा तांदळाचं पोतं नेलं तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "काय विशेष, अण्णा?"

"घरी कार्य आहे," मी म्हणालो. कसलं कार्य हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग टाळेबंदी आली. दुकानं सकाळी थोडा वेळ उघडायची. किराणावाल्यांनी दुकानासमोर खडूने वर्तुळं काढली होती. माल कमी येत होता, म्हणून त्यांनी माणशी दोनच किलो तांदूळ द्यायला सुरुवात केली, म्हणजे सगळ्यांना पुरेल. गल्लीतले सगळे त्या रांगेत जाऊन येत होते. मी एकटाच गेलो नाही तर लोक काय म्हणतील, याची मला काळजी वाटायला लागली. पोर्चखाली पाऊणशे किलो तांदूळ असताना मी मास्क लावला, पिशवी घेतली आणि जाऊन रांगेत उभा राहिलो.

माझ्या मागच्या वर्तुळात एक बाई होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला एका इमारतीचं काम चालू होतं, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये मजूर राहायचे. ती त्यांच्यातली. डोक्यावर वाळूची घमेली घेऊन जाताना मी तिला रोज पाहायचो. काम बंद पडलं होतं आणि गाड्याही बंद, त्यामुळे ती माणसं तिथेच अडकली होती.

माझा नंबर आला. किराणावाले पोत्यातून तांदूळ काढता काढता म्हणाले, "कार्य झालं काय, अण्णा?"

"नाही. पुढे ढकललं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं, आणि तागडीत माप टाकलं. पोतं संपत आलं होतं. त्यांनी ते उलटं करून झटकलं तेव्हा कुठे माझे दोन किलो भरले.

मागून बाईने किराणावाल्यांना विचारलं, "अण्णा, अक्की?" अक्की म्हणजे तांदूळ, एवढं कन्नड इथे सगळ्यांना येतं.

"मुगितु, अक्का. नाळे बन्नी," किराणावाले म्हणाले. संपला, उद्या या.

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. माझ्या हातात दोन किलोची पिशवी होती आणि ती तिच्या हातात द्यायला एक पाऊलही टाकावं लागलं नसतं. मी तिच्या बाजूने निघून आलो. चालताना मनात हेच, की आज हिला दिलं तर उद्या सगळी शेड दारात येईल, आणि मग झाकण उघडावं लागेल.

घरी आल्यावर जेवताना मी बायकोला हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुधा ती म्हणेल की बरोबर केलंत, असं वाटलं असावं.

"तुम्ही रांगेत गेलात कशाला?" ती म्हणाली.

"गेलो नसतो तर लोकांना संशय आला असता."

तिने हात धुतले, माझी ती पिशवी उचलली आणि चपला घालून बाहेर पडली. मी मागून म्हणालो, पोलीस अडवतील. तिने ऐकलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ती परत आली.

"दिले," ती म्हणाली. "तिने विचारलं, मग तुम्ही काय खाल. मी सांगितलं, आमच्याकडे पुष्कळ आहेत."

माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: "सांगितलंस कशाला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझं ताट तसंच होतं, तिने त्यावर झाकण ठेवलं. आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. तिने माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस मी फाटकाला आतून कुलूप लावून ठेवलं. गाडी थोडी पुढे घेऊन तिचं चाक बरोबर झाकणावर आणलं. रस्त्यावर कोणाचा आवाज आला की मी खिडकीशी जायचो. कोणीही आलं नाही. त्या माणसांना आमच्याकडे पुष्कळ तांदूळ आहे हे माहीत होतं, घर माहीत होतं, आणि तरी त्यांच्यापैकी एकानेही येऊन बेल वाजवली नाही. कोणी आलं असतं तर निदान मी बरोबर ठरलो असतो.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "झाकण उघडा, एक पोतंभर देऊन येऊ." मी म्हणालो, बघू. बघू बघू म्हणता काही आठवडे गेले. मग मजुरांसाठी गाड्या सुटल्या आणि एका सकाळी शेड रिकामी दिसली. दारं उघडी होती, आत एक फुटकी बादली होती. मी फिरायला म्हणून तिथवर गेलो होतो. उगाच थोडा वेळ उभा राहून परत आलो.

पावसाळा संपताना मी संप उघडला. झाकण उचलताच आंबूस वास आला. आत कमरेएवढं पाणी. पावसाचं पाणी जिरवण्यासाठी पोर्चशेजारी खड्डा मीच काढला होता, आणि त्याचं पाणी झिरपून जुन्या संपात आलं होतं. इतक्या गोष्टींचा विचार केला, तेवढी राहिली. ड्रम तरंगून कलंडले होते, झाकणं सैल झाली होती. तांदळाचे हिरवे-काळे गोळे झाले होते. गुळाचं पाणी.

ते सगळं उपसून पोत्यांत भरायला मला दोन दिवस लागले. मदतीला कोणाला बोलावणार? बायको म्हणाली, "मी धरते एका बाजूने," आणि तिने धरलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या बाईने पोत्याचं तोंड उघडून पाहिलं, वासाने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "इष्टु अक्की?" एवढा तांदूळ? मी म्हणालो, पाणी शिरलं. तिसरं पोतं गाडीत टाकेपर्यंत ती माझ्याकडे वळून वळून बघत होती.

त्याच आठवड्यात मी किराणावाल्यांकडे गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. कार्य वगैरे काही नव्हतं."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. "त्या दिवशी रांगेतच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर कसं बोलणार, अण्णा? तुम्ही मोठे माणूस." ते बरणी पुसत होते. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतःच एक पोतं घेऊन याल. दोन दिवस वाट बघितली. मग विसरलो."

मी विचारलं, ती माझ्या मागची बाई दुसऱ्या दिवशी आली होती का, तिला मिळाला का तांदूळ.

ते थांबून आठवायला लागले. "कुठली बाई?" म्हणाले. "त्या दिवसांत पुष्कळ जणी रिकाम्या हाताने गेल्या, अण्णा. कोण कोण लक्षात ठेवणार."

मी नको असताना पाव किलो शेंगदाणे घेतले आणि घरी आलो.

परवा आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कमिटीचे दोघे जण आले होते. पाण्याची टंचाई, पूर, असं काही ओढवलं तर घराघरात काय तयारी असावी, यावर रविवारी सगळ्यांशी थोडं बोला म्हणाले. इंजिनिअर माणूस, तुम्हाला यातलं कळतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं, फार वेळ उभं राहवत नाही म्हणून. बायको चहाचे कप घेऊन बाहेर येत होती. तिने ते ऐकलं आणि चहा सगळ्यांपुढे ठेवला.